तिसऱ्या गार्डविषयी: सुहासला पत्र

२४ ऑगस्ट २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन चार दिवस झाले. त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, पण एनबीएमधल्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या) आपल्या इंडियाना पेसर्सनी आणखी एक राखीव गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारा खेळाडू, घ्यावा की घेऊ नये या प्रश्नावर तू ज्या तयारीने लिहिले आहेस, ते पाहता घाईघाईने काहीतरी खरडून पाठवणे मला बरे वाटले नाही. तुझे म्हणणे मला समजले ते असे: आपला मुख्य गार्ड हॅलिबर्टन दुखापतीमुळे संपूर्ण हंगाम बाहेर आहे, म्हणजे हे वर्ष काही विजेतेपदाचे नव्हे, अशा वर्षी उतरणीला लागलेल्या एखाद्या गार्डसाठी जागा अडवून ठेवण्यापेक्षा ती मिनिटे कॅम जोन्ससारख्या नव्या मुलाच्या वाट्याला यावीत, आणि त्यापायी सामने हरलोच, तरी २०२६ च्या ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतली, पहिल्या फेरीची निवड आता आपल्याच हाती असल्यामुळे आणि हरणाऱ्या संघांना वरची निवड मिळत असल्यामुळे त्या हरण्याचेही काही मोल मिळेल. माधवचे म्हणणे याच्या अगदी उलट टोकाचे आहे. त्याला रसेल वेस्टब्रुक हवा आहे आणि तोही आजच हवा आहे.

मलाही गार्ड हवा आहे. मात्र तो मला हॅलिबर्टनच्या जागी नको आहे. टी. जे. मॅकॉनल आणि अँड्र्यू नेमहार्ड या आपल्या दोन गार्डना आपण ज्यासाठी मानतो, तेच त्यांना पुढेही करता यावे म्हणून तो हवा आहे. माझे सगळे म्हणणे एवढ्यातच आहे, पण ते तुला पटवायचे तर २२ जूनच्या रात्रीकडे परत जावे लागेल, आणि तिकडे जाणे तुला किती जड जाते हे मला ठाऊक आहे.

ओक्लाहोमा सिटी थंडरविरुद्धच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना, जो आपण हरलो. दुखऱ्या पोटरीने खेळणाऱ्या हॅलिबर्टनने पहिल्या सात मिनिटांत तीन थ्री (लांबून मारलेली तीन गुणांची बास्केट) मारून नऊ गुण केले होते. मग तो चेंडू घेऊन पुढे झेपावला, कोसळला आणि तळहाताने जमीन बडवू लागला. त्यानंतर मॅकॉनल आत आला. त्या रात्री त्याने १६ गुण केले, आणि त्यांतले बहुतेक तिसऱ्या क्वार्टरमध्ये, जेव्हा आपल्या बाकीच्यांपैकी कोणालाच बास्केट सापडत नव्हते, तेव्हा केले. आपल्या आठवणीत ते १६ गुण राहिले, आणि ते राहावेत हे योग्यच आहे. पण त्याच सामन्यात त्याने सात वेळा चेंडू गमावला, याचा विसर आपण पडू दिला आहे. संघाने एकूण २१ वेळा चेंडू गमावला, म्हणजे त्याचा एक तृतीयांश वाटा एकट्या मॅकॉनलचा होता. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या रात्री त्याच्याइतका जीव ओतून कोणीच खेळले नसेल. पण ओक्लाहोमासारखा बचाव समोर असताना, दमलेल्या पायांनी, नेहमीपेक्षा दहा मिनिटे अधिक चेंडू वाहायला लावल्यावर तेहतीस वर्षांच्या माणसाचे जे होते, तेच त्याचे झाले.

आता याच मालिकेतला तिसरा सामना आठव. तेव्हा मॅकॉनलने बेंचवरून येऊन दहा गुण, पाच असिस्ट (बास्केट घडवणारे पास) आणि पाच स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू) केले होते, आणि अंतिम मालिकेत बेंचवरून येऊन एवढे करणारा तो पहिलाच खेळाडू ठरला होता. बास्केट झाल्यावर प्रतिस्पर्ध्याने चेंडू आत टाकायचा आणि याने मधेच झडप घालून तो पळवायचा, असे त्या दिवशी पुन्हा पुन्हा घडले. आपल्या बेंचचे ४९ गुण झाले आणि त्यांचे १८. आपल्या मॅथुरिनने त्या दिवशी २७ गुण केले हे खरे, पण सामन्याचा नूर पालटला तो मॅकॉनलच्या मिनिटांत. हे त्याला जमते, कारण समोरचे गार्ड वीस मिनिटे धावून दमलेले असताना तो ताजा येतो. साऱ्या हंगामभर तो सामन्यामागे साधारण अठरा मिनिटे खेळला. त्या अठरा मिनिटांत त्याला काही राखून ठेवावे लागत नाही. बत्तीस मिनिटे खेळायची ठरली की त्याला राखून खेळावे लागेल, आणि राखून खेळणारा मॅकॉनल हा आपल्या ओळखीचा मॅकॉनल नव्हे.

नेमहार्डची गोष्ट वेगळी आहे, पण तिचा शेवट तिथेच होतो. गेली दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत धोकादायक गार्डला आपण त्याच्यावर सोपवत आलो. ओक्लाहोमाच्या शे गिल्जस-अलेक्झांडरला संपूर्ण मैदानभर सोबत करत, स्क्रीनमागून स्क्रीन (वाट अडवून उभे राहणारे प्रतिस्पर्धी) चुकवत तो कसा चिकटून राहिला, हे आपण पाहिले आहे. ते काम त्याला करता आले, कारण दुसऱ्या टोकाला चेंडू हॅलिबर्टनच्या हाती असे आणि नेमहार्डला श्वास घ्यायला उसंत मिळे. यंदा आक्रमणाची सगळी सूत्रेही तोच हलवणार. ती त्याला हलवता येतील याविषयी मला शंका नाही. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, त्याची पातळी नेहमीच उंचावते, हे तू मला अनेकदा ऐकवले आहेस आणि ते खरे आहे. माझा प्रश्न असा आहे की, दोन्ही टोकांची ओझी एकाच माणसावर ८२ सामने टाकली, तर त्यांतले कोणते ओझे तो आधी खाली ठेवील? माझ्या मते बचावाचे. आणि नेमहार्डचा बचाव गेला, की आपल्या संघात उरलेल्या बचावाविषयी मला फारसा भरवसा वाटत नाही.

तू मिनिटांचा हिशोब मांडून दाखवला आहेस. नेमहार्डची चौतीस, मॅकॉनलची अठरा, एकूण बावन्न. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा. मग तिसरा गार्ड खेळणार तरी कुठे? कागदावर हा हिशोब बिनचूक आहे. पण तो रोज रात्री दोघेही खेळायला सज्ज असतील असे गृहीत धरतो. गेल्या हंगामात नेमहार्ड ६५ सामने खेळला, म्हणजे १७ सामन्यांत तो नव्हता. तेव्हा आपल्याला ते जाणवले नाही, कारण हॅलिबर्टन ७३ सामन्यांत उभा होता. यंदा ते १७ सामने आले, की एका रात्रीत मॅकॉनल सुरुवातीच्या पाचांत जाईल आणि त्याच्या मागे नाव घ्यावे असा कोणी नसेल. दुसऱ्या एखाद्या संघाला असे दिवस चेंडू हळूहळू पुढे नेऊन, फॉरवर्डच्या हाती देऊन ढकलता येतात. आपला प्रशिक्षक रिक कार्लाइल याचा संघ तसा खेळतच नाही. बास्केट खाल्ल्यावरही आपण धावतो. धावणाऱ्या संघाला प्रत्येक मिनिटाला एक असा माणूस लागतो, जो पूर्ण वेगात असताना डोके वर ठेवून पास देऊ शकेल, आणि आपला फॉरवर्ड सियाकम याला सामन्यात सहा-सात वेळा ते काम सांगता येईल, साठ वेळा नव्हे.

आपण हे एकदा भोगले आहे, सुहास. २०१४ च्या ऑगस्टच्या पहिल्याच तारखेला लास वेगासला सरावसामन्यात आपला तेव्हाचा मुख्य खेळाडू पॉल जॉर्ज याचा पाय मोडला. त्याच उन्हाळ्यात लान्स स्टीफन्सन शार्लटला निघून गेला होता, जसा यंदा आपला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) माइल्स टर्नर मिलवॉकीला गेला. तेव्हाही आपण म्हणत होतो की गार्ड जॉर्ज हिल आहे, त्यामुळे चेंडूची चिंता नाही. हंगाम सुरू होण्याआधीच हिल गुडघ्याने जायबंदी झाला आणि डिसेंबर जवळजवळ संपेपर्यंत परतला नाही. ज्याला आपण यादीच्या तळाचा गार्ड समजत होतो, तो डोनल्ड स्लोन पहिल्या दिवसापासून सुरुवातीच्या पाचांत उभा राहिला. वॉशिंग्टनमध्ये त्याने ३१ गुण केले, आणि तरीही आपण तो सामना ज्यादा वेळेत दोन गुणांनी हरलो. तो हंगाम ३८ विजय आणि ४४ पराभवांवर संपला. ब्रुकलिनचीही बेरीज तेवढीच होती, पण बरोबरीचा निकष त्यांच्या बाजूने लागला आणि प्लेऑफची आठवी जागा त्यांना मिळाली. फक्त एक विजय कमी पडला. शेवटच्या रात्री मेम्फिसला हरल्याचे दुःख आपण पुष्कळ केले, पण मला आजही नोव्हेंबरमधले ते पराभव अधिक लागतात, कारण त्या दिवसांत स्लोनला हात देणारा आणखी एक बरा गार्ड बेंचवर असता, तर त्यांतला एखादा तरी सामना आपला झाला असता.

यावर तुझे उत्तर काय असेल ते मी इथूनच ऐकू शकतो. त्या वर्षी प्लेऑफ हुकले म्हणूनच आपल्याला अकरावी निवड मिळाली, आणि तिच्यातून टर्नर आला, जो पुढे दहा वर्षे आपला आधारस्तंभ होता. हा तुझा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि मी तो टाळणार नाही. जूनमध्ये अंतिम मालिका ऐन भरात असताना व्यवस्थापनाने या वर्षीची तेविसावी निवड न्यू ऑर्लिन्सला देऊन आपली २०२६ ची निवड परत मिळवली, तो सौदा हॅलिबर्टनच्या दुखापतीआधी झाला होता आणि आज तो त्या दिवसापेक्षा कितीतरी अधिक मोलाचा दिसतो. पण टर्नर अकराव्या क्रमांकावर मिळाला तो आपण हरण्याचा प्रयत्न केला म्हणून नव्हे. तो संघ शेवटच्या रात्रीपर्यंत जिंकण्यासाठी धडपडत होता. शिवाय ड्राफ्टमधला क्रम ठरवणाऱ्या सोडतीचा आजचा नियम असा आहे की तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या निवडीची समान, म्हणजे प्रत्येकी १४ टक्के संधी मिळते. ज्या संघात सियाकम, नेमहार्ड, नीस्मिथ आणि मॅथुरिन आहेत, त्याला त्या तिघांच्या रांगेत जायचे असेल तर गार्ड न घेऊन भागणार नाही. त्यासाठी पुष्कळ काही मोडावे लागेल. किमान पगाराचा एक राखीव गार्ड आपल्याला आणखी चार-पाच सामने जिंकून देईल, त्याने सोडतीतली आपली जागा दोन-तीन पायऱ्यांनी हलेल कदाचित. त्या बदल्यात मॅकॉनलचे गुडघे आणि नेमहार्डचा बचाव आपण २०२६ च्या शरदापर्यंत शाबूत नेऊ, जेव्हा हॅलिबर्टन परत येईल. मला हा व्यवहार फायद्याचा वाटतो.

कॅम जोन्सवर मात्र मी अन्याय करतो असे म्हणू नकोस. मार्क्वेट विद्यापीठात चार वर्षे खेळून आलेला, शेवटच्या वर्षी संघाची सूत्रे स्वतः हाती घेतलेला हा मुलगा ३८ व्या क्रमांकावर मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे, आणि नेमहार्डही ३१ वा होता, हे तू लिहिलेस ते योग्यच आहे. पण नेमहार्डचे पहिले वर्ष आठवून पाहा. त्याच्या शेजारी हॅलिबर्टन होता आणि मागे मॅकॉनल होता. लेकर्सविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने मारलेला तो थ्री आपण किती वेळा पाहिला असेल! चुकण्याची मुभा त्याला होती, कारण चुकला तरी चेंडू सांभाळणारे दोघे तिथे होते. जोन्सला तशी मुभा मिळायची असेल, तर त्याच्या आणि रिकाम्या बेंचच्या मध्ये कोणीतरी अनुभवी माणूस असायलाच हवा. नाहीतर नेमहार्डचा घोटा मुरगळला त्या रात्री आपण त्या मुलाला शिकवणार नाही, त्याला पुढे ढकलून देणार आहोत. दुहेरी करारावरच्या (मुख्य संघ आणि त्याचा दुय्यम संघ अशा दोन्हीकडे खेळणाऱ्या) मुलांवर भिस्त ठेवावी असेही तू सुचवले आहेस. पण त्यांना हंगामात जास्तीत जास्त ५० सामन्यांसाठीच संघात घेता येते, आणि करार बदलल्याखेरीज प्लेऑफमध्ये उतरवता येत नाही, त्यामुळे तो आधार फार दूरपर्यंत पुरणारा नाही.

माधवला मी वेगळे पत्र लिहीनच, पण तुझ्या कानावर असावे म्हणून थोडक्यात सांगतो. वेस्टब्रुकविषयी माझ्या मनात आदर आहे. २०१७ चा तो मोस्ट व्हॅल्युएबल खेळाडू, आणि आजही पळायला लागला की भल्याभल्यांची धांदल उडते. परंतु त्याला चेंडू लागतो, पुष्कळ लागतो, आणि तो आला की नेमहार्डने स्वतःच्या हाताने संघ चालवायला शिकण्याचे हे एकमेव वर्ष हातचे जाईल. मला जो हवा आहे, त्याने लागोपाठ नऊ सामने बसून राहावे आणि दहाव्या रात्री बावीस मिनिटे न बिचकता खेळावीत. डेलॉन राइट अजून मोकळा आहे. उंच आहे, पास वाचतो, बचाव करतो, आणि त्याच्या हातून चेंडू सहसा सुटत नाही. कॅमरॉन पेनही मोकळा आहे. या एप्रिलमध्ये न्यू यॉर्क निक्ससाठी प्लेऑफमधल्या डेट्रॉइटविरुद्धच्या पहिल्या सामन्यात बेंचवरून येऊन त्याने चौथ्या क्वार्टरमध्ये सामना फिरवला होता, आणि त्याचा वेग आपल्या खेळाला साजेसा आहे. निवडायचे झाले तर मी राइटला निवडीन, कारण मॅकॉनलकडे नसलेली उंची त्याच्याकडे आहे आणि नेमहार्डला बचावातून कधीमधी सुट्टी देता येईल. माल्कम ब्रॉग्डनचे नाव तू कंसात लिहिले आहेस, त्यावरून तुझेही मन थोडे विरघळले असावे. तो आपल्याकडे तीन हंगाम होता, आपला माणूस आहे. पण गेल्या वर्षी वॉशिंग्टनकडून तो २४ सामनेच खेळू शकला, आणि ज्याला दुखापतींवरचा विमा म्हणून घ्यायचे, त्याचीच काळजी करत बसणे मला परवडणारे वाटत नाही.

पैशाची अडचण तू पुढे केलेली नाहीस, तरी सांगून टाकतो. टर्नर गेल्यामुळे आपण लक्झरी टॅक्सच्या (संघाचे एकूण पगार ज्यापुढे गेले की लीगला कर भरावा लागतो त्या) सुमारे १८ कोटी ७९ लाख डॉलरच्या रेषेखाली आहोत. अनुभवी खेळाडूचा एक वर्षाचा किमान करार संघाच्या हिशोबात साधारण २३ लाख डॉलर इतकाच धरला जातो, कारण त्याच्या अनुभवामुळे होणारी वाढ लीग स्वतः सोसते. अडचण आहे ती जागेची. टर्नरची पोकळी भरायची म्हणून आपण जे हफ, जेम्स वाइजमन, आयझया जॅक्सन आणि टोनी ब्रॅडली असे चार सेंटर जमवून बसलो आहोत. एकाला कमी करावे लागले तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि सेंटरचा विषय निघालाच आहे, तर गेल्या वर्षीचीच गोष्ट बघ. हंगामाच्या पहिल्या रात्री वाइजमनच्या टाचेमागची शीर तुटली, दहा दिवसांच्या आत जॅक्सनचीही तुटली, आणि टर्नरच्या मागे कोणी उरले नाही. कागदावरचा हिशोब तेव्हाही बिनचूकच होता. आपण डिसेंबरपर्यंत अडखळलो. पहिल्या २५ सामन्यांत केवळ दहा विजय होते. मग दुसऱ्या फेरीतल्या एका दूरच्या निवडीची अदलाबदल करून मायामीकडून थॉमस ब्रायंट आणला. तेव्हा त्याची कोणी चर्चासुद्धा केली नाही. ३१ मेला निक्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात त्याच ब्रायंटने तीन थ्रींसह ११ गुण केले, आणि आपण पंचवीस वर्षांनी अंतिम मालिकेत पोचलो. त्या रात्री तू मला काय म्हणाला होतास ते आठवते का? म्हणाला होतास, हा माणूस संघात आहे हेच मी विसरून गेलो होतो. मला असाच एक गार्ड हवा आहे, फक्त आपण डिसेंबरपर्यंत थांबू नये.

कार्लाइल हे व्यवस्थापनाला सांगत असेल, अशी मला मनोमन आशा आहे. १९८६ साली लॅरी बर्डच्या सेल्टिक्सनी विजेतेपद मिळवले तेव्हा तो स्वतः त्या संघाचा राखीव गार्ड होता, सामन्यामागे थोडी मिनिटे मिळवणारा. २०११ मध्ये डॅलसचा प्रशिक्षक म्हणून तो अंतिम मालिकेत २–१ असा मागे होता, तेव्हा चौथ्या सामन्यात त्याने बेंचवरच्या जे. जे. बरेआला सुरुवातीच्या पाचांत आणले. सहा फुटांहूनही ठेंगणा, कोणत्याही संघाने ड्राफ्टमध्ये न निवडलेला तो गार्ड! डॅलसने पुढचे तिन्ही सामने जिंकले; पाचव्या सामन्यात बरेआचे १७ गुण होते आणि सहाव्यात १५. बेंचच्या टोकाला बसलेल्या गार्डची किंमत ज्याला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे, असा प्रशिक्षक आपल्याकडे आहे. त्याच्या हाती तो गार्ड देण्याचे काम बाकीच्यांचे.

माझे मत बदलू शकेल अशी एक गोष्ट आहे, तीही प्रामाणिकपणे लिहितो. सराव शिबिरात कॅम जोन्स बचावात उभा राहू शकतो असे दिसले, आणि सरावाच्या सामन्यांत दाब आल्यावर त्याच्या हातून चेंडू फारसा सुटला नाही, तर मी माझा हट्ट जानेवारीपर्यंत लांबवायला तयार आहे; तेव्हा दहा दिवसांच्या करारावर कोणालातरी घेऊन पाहता येते. तोवर तू एवढे कर. नेमहार्ड ज्या १७ सामन्यांत नव्हता, त्यांतले दोन-तीन पुन्हा बघ आणि हॅलिबर्टन बेंचवर बसल्यावर चेंडू कोणाच्या हाती होता, ते लिहून काढ. मग मला कळव. मी मॅकॉनल पंचवीस मिनिटांहून अधिक खेळला ते सामने काढून ठेवले आहेत आणि या आठवड्यात चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने किती वेळा चेंडू गमावला ते मोजतो आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवून शिबिर सुरू होण्याआधी आपण पुन्हा बोलू.

कळावे.

तुझा,
अनिरुद्ध